उपशयाचे मोजमाप आणि प्रश्नावलीची भाषा

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपणा सर्वांस मुखोद्गत आहे. यांपैकी पहिल्या दोहोंसाठी आपण महाविद्यालयात वर्षे खर्ची घातली. तिसरी मात्र येतेच असे धरून चाललो. रुग्णाला प्रश्न विचारण्यात शिकण्यासारखे ते काय, अशी आमचीही समजूत होती. काही वर्षांपूर्वी एका औषधनिर्मात्या कंपनीच्या प्रतिनिधीने संधिगतवातावरील कल्पाच्या नमुन्यांबरोबर छापील मराठी प्रश्नावलीचा गठ्ठा आमच्या टेबलावर ठेवला आणि या समजुतीस पहिला धक्का बसला. औषध सुरू करण्यापूर्वी एकदा व सहा आठवड्यांनी पुन्हा एकदा ती भरून घ्यायची. दोन बेरजांतील फरक म्हणजे औषधाचा गुण. काम इतके सोपे होते.

पहिल्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातील डोंगराकडच्या एका वाडीवरून सत्तरीच्या एक आजी आल्या. दोन्ही गुडघ्यांस संधिगतवात, स्पर्शास वातपूर्ण दृतीसारखा शोथ, आकुंचन-प्रसारण सवेदन. ग्रंथात वर्णिलेला व्याधी समोर बसलेला. आमच्या साहाय्यकाने वाचण्यास आरंभ केला. ‘सपाट पृष्ठभागावर चालताना किती वेदना होतात?’ आजी म्हणाल्या, “सपाट हाय कुठं आमच्याकडं? एक चढ, नायतर उतार.” साहाय्यकाने ‘मध्यम’ या रकान्यात खूण केली. ‘पायमोजे घालताना?’ आजी हसल्या. ‘अजिबात नाही’ या रकान्यात खूण झाली. ‘बाथटबमधून बाहेर येताना?’ तेथेही ‘अजिबात नाही’. ‘मोटारगाडीतून उतरताना?’ आजी एसटीने आल्या होत्या आणि एसटीच्या पायरीवरून उतरताना वाहकाने त्यांना हात दिला होता. परंतु प्रश्न मोटारगाडीचा होता. बेरीज झाली तेव्हा आजींचा व्याधी सौम्य ठरला. आणि सौम्य व्याधीच्या त्या आजी भिंतीचा आधार घेऊन उठल्या.

या बेरजेतील दोष साधा आहे. त्रास नाही म्हणून मिळालेले शून्य आणि ती कृतीच आयुष्यात नाही म्हणून मिळालेले शून्य, ही दोन्ही कागदावर एकसारखी दिसतात. उलट ज्या कृतींनी आजींचे आयुष्य अडले होते, म्हणजे घराच्या जोत्याची पायरी उतरणे, चुलीपुढे उकिडवे बसणे, पंगतीत मांडी घालणे, लावणीत दिवसभर ओणवे राहणे, त्यांपैकी एकाही कृतीचा प्रश्नावलीत उल्लेख नव्हता. मग सहा आठवड्यांनी त्यांना कितीही उपशय मिळाला असता, तरी तो कागदावर उतरला नसता. दोष औषधाला लागला असता.

त्या कागदाचे मूळ आम्ही पुढे शोधले. कॅनडातील वेस्टर्न ऑन्टॅरिओ व मॅकमास्टर या विद्यापीठांच्या नावाने ओळखली जाणारी ‘वूमॅक’ ही ती प्रश्नावली. निकोलस बेलामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. तीत एकूण २४ प्रश्न आहेत : वेदनेचे ५, आखडण्याचे २ आणि दैनंदिन हालचालींचे १७. प्रत्येकास ० ते ४ गुण, म्हणजे कमाल बेरीज ९६. ज्या समाजासाठी ती रचली गेली तेथे बाथटब, पायमोजे व मोटारगाडी या रोजच्या गोष्टी आहेत, तेव्हा मूळ कर्त्यांस दोष देण्याचे कारण नाही. दोष तिचे शब्दशः मराठी करून, मूळ नाव व परवानगी यांचा उल्लेखही न करता ती आमच्या टेबलावर ठेवणाऱ्यांचा, आणि न वाचता ती वापरणाऱ्या आमचा.

वास्तविक हे काम महाराष्ट्रातच आणि तेही आयुर्वेदीय औषधांच्या निमित्ताने अधिक काळजीने झालेले आहे. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस या संस्थेतील डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघर जाऊन सांधेविकारांचे सर्वेक्षण केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने अनेक देशांत चाललेल्या ‘कॉपकॉर्ड’ या उपक्रमाचा तो भाग होता. ग्रामीण रुग्णाच्या हालचाली म्हणजे नेमके काय, याचा विचार तेथे करावाच लागला. याच संस्थेने वूमॅकचे भारतीय राहणीस अनुरूप असे रूपांतर वापरात आणले. अश्वगंधा, शल्लकी, शुंठी व हरिद्रा यांच्या संयुक्त कल्पावरील ३२ आठवड्यांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मोजमापासाठी वूमॅकच होती. पुढे सीएसआयआरच्या ‘न्मिटली’ प्रकल्पातून गुडघ्याच्या संधिवाताच्या ४४० रुग्णांवर २४ आठवड्यांचा अभ्यास झाला. त्यात आयुर्वेदीय कल्पांची तुलना ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्याशी होती. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा वेदना व हालचाल या दोन्हींत आयुर्वेदीय कल्प त्यांच्या तोडीचे ठरले. आपल्यापैकी पुष्कळांनी हा निष्कर्ष व्याख्यानांतून सांगितला आहे. त्याच लेखात आयुर्वेदीय औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात यकृताचे एक एन्झाइम लक्षणाविना वाढल्याचे व औषध थांबविताच ते पूर्ववत झाल्याचेही नमूद आहे. हे मात्र व्याख्यानांतून क्वचितच ऐकू येते. प्रश्नावली कितीही उत्तम असली तरी रुग्णाला जे जाणवत नाही ते ती सांगू शकत नाही, म्हणून हा उल्लेख येथेच करून ठेवतो.

भाषांतर आणि प्रमाणीकरण

पुण्यात पारखलेली प्रश्नावली महाडात जशीच्या तशी चालेल काय? येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावयास हवी. प्रश्नावलीवर एकदा ‘प्रमाणित’ असा शिक्का बसला की ती सर्वत्र व सर्वकाळ प्रमाणित झाली, असे होत नाही. प्रमाणीकरण त्या भाषेचे, त्या रुग्णसमूहाचे आणि त्या उपयोगाचे असते. तागडी तीच असली तरी ती कोठे टांगली आहे हे पाहावे लागते.

भाषांतराची आज सर्वमान्य असलेली रीत बीटन व सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडली. दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे भाषांतर करावे. त्यांपैकी एकीस वैद्यकाचे ज्ञान असावे, दुसरीस नसावे. दोन्हींचा मेळ घालून एक प्रत तयार करावी. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांकडून त्या प्रतीचे पुन्हा मूळ भाषेत उलट-भाषांतर करून घ्यावे. तज्ज्ञांच्या समितीने सर्व प्रती समोर ठेवून निर्णय घ्यावा. शेवटी ती प्रत ३० ते ४० रुग्णांवर चालवून पाहावी.

यांपैकी उलट-भाषांतराचा बोलबाला फार असतो. आमच्या मते ती पायरी आवश्यक असली तरी तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. ‘ताठरपणा’ या शब्दाचे इंग्रजी कोणीही अचूक करील, समितीही समाधानी होईल. पण ‘सकाळी उठल्यावर ताठरपणा किती असतो?’ असे विचारल्यावर बिरवाडीकडचे एक आजोबा आम्हांस म्हणाले, “आता कसला ताठा डाक्टर, पोरं सांगतील तसं वागायचं.” उलट-भाषांतराने शब्दकोश तपासला जातो, रुग्णाचे आकलन तपासले जात नाही. ते तपासण्याचा उपाय अगदी घरगुती आहे : प्रश्न वाचून झाल्यावर रुग्णाला विचारावे, ‘मी काय विचारले ते तुमच्या शब्दांत सांगा.’ ही शेवटची पायरीच सर्वांत घाईने उरकली जाते. ‘ताठरपणा’च्या जागी आम्ही ‘गुडघा आखडणे’ घेतले आणि प्रश्न कळू लागला. आपल्या शास्त्रातील स्तंभ तो हाच.

हे करू लागल्यावर शब्दांची एक वहीच तयार झाली. गुडघ्यास आमच्याकडे ‘ढोपर’ म्हणणारे पुष्कळ. परंतु मुंबईत वाढून सणाला गावी आलेल्या काहींच्या तोंडी ढोपर म्हणजे कोपर. ‘वेदना’ हा शब्द रुग्णांना इस्पितळाचा वाटतो. “वेदना नाय, दुखतंय फक्त,” असे सांगून ते खालच्या रकान्यात जातात. दुखण्याचे प्रकार मात्र त्यांच्याजवळ आपल्या ग्रंथांइतकेच बारीक आहेत : कळ, ठणका, चमक, रग, आग, टोचणी, मुंग्या, आंबणे. यांतील टोचणी तोदाजवळ जाते, आग दाहाजवळ, मुंग्या सुप्तीच्या उंबरठ्यावर. ‘अंग आंबलं’ म्हणणारा रुग्ण व्याधी सांगत नसून श्रम सांगत असतो. प्रश्नावलीत या सर्वांस मिळून एकच ‘वेदना’ आहे.

सर्वांत फसवा निघाला तो ‘बऱ्यापैकी’ हा शब्द. ‘थोडे, बऱ्यापैकी, खूप, सोसवत नाही’ अशी पायऱ्यांची मांडणी आम्ही मोठ्या हौसेने केली होती. कित्येक रुग्णांनी ‘बऱ्यापैकी’ म्हणजे ‘बरे आहे’ असा अर्थ घेतला. ज्यांचे दुखणे वाढले होते ते कागदावर सुधारले.

अंकांचीही तीच गत. शून्य ते दहा या पट्टीवर दुखणे किती, असे विचारता शाळा शिकलेला रुग्ण दहास चांगले गुण समजतो. वृद्धांस पट्टीच अपरिचित, मात्र “रुपयात किती आणे फरक?” असे विचारले की “बारा आणे” असे उत्तर विनासायास येते. सोळा भागांची ही देशी पट्टी तरुणांना मात्र ठाऊक नाही. शिवाय आण्यांत रुग्ण आजची स्थिती सांगत नाही, आठवणीतील स्थितीशी आजची तुलना सांगतो, आणि स्मरण नेहमी आजच्या दिवसाकडे झुकते. त्यामुळे आण्यांचे उत्तर आम्ही लिहून ठेवतो, परंतु बेरजेत धरत नाही.

संख्याशास्त्राचा भाग आम्ही थोडक्यातच सांगतो. क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये मांडलेला अल्फा हा गुणांक प्रश्न एकमेकांच्या सुरात बोलतात की नाही हे दाखवितो, तो ०.७० ते ०.९५ च्या दरम्यान असावा असा संकेत आहे. त्याहून अधिक आल्यास एकच प्रश्न फिरवून विचारला जात आहे, असे समजावे. दुसरी कसोटी पुनर्मापनाची : व्याधी न बदललेल्या रुग्णाने काही दिवसांनी तीच उत्तरे द्यावयास हवीत. मधला काळ फार थोडा ठेवला तर रुग्ण मागील उत्तर आठवून सांगतो, फार ठेवला तर व्याधीच बदलतो. तिसरी कसोटी अशी की १५ टक्क्यांहून अधिक रुग्णांची बेरीज अगदी तळाशी किंवा अगदी माथ्याशी अडकत असेल, तर त्या पट्टीवर त्यांचा बदल दिसणार नाही.

जे बदलत नाही आणि जे बदलते

प्रश्नावली म्हटली की आपल्या व्यवसायबंधूंस प्रथम प्रकृतिपरीक्षण आठवते. २०२४ च्या अखेरीस देशभर झालेल्या प्रकृतिपरीक्षण अभियानात आपल्यापैकी अनेकांनी हातात मोबाईल घेऊन नागरिकांना प्रश्न विचारले. तेव्हा परिणाम मोजण्यासाठीही तसेच प्रश्न चालतील असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु ही दोन कामे परस्परविरुद्ध आहेत. प्रकृती जन्मापासून ठरलेली. तिची प्रश्नावली या वर्षी व पुढच्या वर्षी तेच उत्तर देईल तरच चांगली. उपशयाची प्रश्नावली रुग्ण बदलताच बदलली पाहिजे. किर्शनर व गयाट यांनी १९८५ मध्येच भेद दाखविणारी, भविष्य सांगणारी आणि बदल मोजणारी अशी मोजमापांची त्रिविध वर्गवारी केली होती. एकीचे काम दुसरीकडून घेऊ नये.

आता बदल मोजला तरी तो कशामुळे झाला हा प्रश्न उरतो, आणि आमच्या भागात तो विशेष अवघड आहे. वाताचा चय ग्रीष्मात, प्रकोप वर्षा ऋतूत आणि प्रशम शरदात, हे आपण परीक्षेत लिहिले आहे. आता आमच्या बाह्यरुग्ण विभागाचे वर्ष पाहावे. आषाढात लावणी. दिवस दिवस चिखलात ओणवे राहून श्रावणात गुडघे व कंबर धरलेले रुग्ण येऊ लागतात, आणि गणपतीपूर्वी गर्दीचा कळस होतो. आम्ही योगराज गुग्गुळ, रास्नासप्तक काढा, अभ्यंग, कोणास जानुबस्ती असा उपक्रम सुरू करतो. सहा-आठ आठवड्यांनी पुनर्परीक्षेची वेळ येते ती आश्विनात. पाऊस सरलेला, लावणी संपलेली, कापणी अजून जोरात नाही. रुग्ण हसतमुखाने म्हणतो, “तुमच्या हाताला गुण हाय.” गुण गुग्गुळाचा की शरदाचा?

आम्ही कित्येक वर्षे तो गुग्गुळाच्या खाती जमा करीत होतो. संख्याशास्त्रज्ञ याच गोष्टीस मध्याकडे परतणे म्हणतात : दुखणे टोकास गेल्यावर रुग्ण येतो आणि टोकावरून ते कोणत्याही उपचाराविना काहीसे खाली येतेच. आपल्या शास्त्राने त्यामागचा एक हेतू ऋतूच्या नावाने सांगून ठेवला आहे आणि आपण तो चिकित्सेत वापरतो. फक्त स्वतःचे यश मोजताना विसरतो. पुण्याच्या अभ्यासांत तुलनेसाठी दुसरा रुग्णगट होता व ऋतूचे येणेजाणे दोन्ही गटांवर सारखेच होते. चिकित्सालयात दुसरा गट नसतो. म्हणून आम्ही आता प्रत्येक नोंदीवर ऋतू व चालू शेतकाम लिहितो आणि शक्य तेथे श्रावणाची तुलना पुढील वर्षाच्या श्रावणाशी करतो. यासाठी वर्षभर थांबावे लागते, याला इलाज नाही.

‘हाताला गुण’ या वाक्याविषयीही थोडे सांगावयास हवे. रुग्ण वैद्याच्या तोंडावर वैद्याला नाराज करीत नाही. हा आमच्या लोकांचा सभ्यपणा आहे. म्हणून नोंद वैद्याने स्वतः घेऊ नये. आमच्याकडे हे काम शेजारील औषधालयाच्या मालकांनी अंगावर घेतले आणि पहिल्याच महिन्यात एक गोष्ट उघड झाली. वरील आजींची सुधारणा आम्ही मोठ्या समाधानाने नोंदविली होती. औषधालयात त्यांनी सहज सांगितले की मुंबईहून मुलगा दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटे पाठवितो, रोज एक घेते. आम्हांस त्या हे कधीच बोलल्या नव्हत्या, कारण आम्ही रागावू असे त्यांना वाटले. त्या गोळ्यांनी जठर व वृक्क यांस होणारा अपाय राहिला बाजूला, आम्ही त्यांचे श्रेय काढ्यास देत होतो. तेव्हापासून ‘गेल्या आठ दिवसांत दुसरी कोणती गोळी घेतली?’ हा प्रश्न नोंदीच्या माथ्यावर आहे, आणि तो औषधालयातच विचारला जातो.

२२ जुलै २०२१ च्या महापुराने आम्हांस आणखी एक धडा दिला. त्या दिवशी तळिये, साखर सुतारवाडी व केवनाळे येथे दरडी कोसळून जे घडले त्यापुढे कागदांचे दुःख सांगणे शोभत नाही. तरीही विषयापुरते सांगतो. सावित्री व गांधारीचे पाणी बाजारपेठेत शिरले, चिकित्सालयातील खालचे सर्व कप्पे चिखलाने भरले आणि वरच्या कपाटातील प्रश्नावल्या तेवढ्या वाचल्या. काही महिन्यांनी आम्ही त्या मांडून बेरजा केल्या. निकाल डोळे दिपविणारा होता. एका परिषदेसाठी निबंधाचा आराखडाही तयार झाला. मग साहाय्यकाने सहज सांगितले की चिकित्सा पूर्ण झालेल्यांचे कागद तो वर ठेवीत असे. अर्धवट सोडून गेलेल्यांचे खालीच राहत. पुराने आमच्यासाठी फक्त यशस्वी रुग्ण निवडून ठेवले होते. निबंध आम्ही पाठविला नाही.

नंतर विचार केला तेव्हा ध्यानात आले की पूर नसतानाही आपण हेच करीत असतो. जो पुन्हा येतो त्याचीच दुसरी नोंद होते. न आलेल्यांना औषधालयाच्या मालकांनी जमेल तसे दूरध्वनी केले. कोणी मुलाकडे मुंबईस गेले होते, कोणास काढा घेववेना, कोणास एसटीचे भाडे जड जात होते, कोणी गुण नाही म्हणून इंजेक्शनाकडे वळले होते. आणि काही जण बरे वाटले म्हणूनच आले नव्हते. न आलेला म्हणजे बरा झालेला, असे समजणारे वैद्य आम्ही पाहिले आहेत. न आलेला म्हणजे वाया गेलेला, असेही धरता येत नाही. विचारावेच लागते.

नेपाळी रुग्ण आणि तीन कृती

महाडच्या औद्योगिक वसाहतीत रखवालीचे व महामार्गावरील हॉटेलांत कामाचे निमित्त होऊन आलेले नेपाळी रुग्ण आमच्याकडे अधूनमधून येतात. मराठी प्रश्नावली समोर ठेवून आम्ही त्यांना हिंदीत विचारीत असू, आणि उत्तर मराठी रकान्यात लिहीत असू. एकदा एका रखवालदाराने दुखण्याचे नाव ‘बाथ’ असे सांगितले. मराठी शाळेत जाणारा त्याचा मुलगा दुभाषा होता; त्याने सांगितले, ‘आंघोळ’. साहाय्यकाने ‘स्नानोत्तर वेदना’ अशी नोंद केली. नेपाळीत बाथ म्हणजे वातरोग; आपलाच ‘वात’ तेथे त्या रूपाने नांदतो. लिपी देवनागरी, ‘पोल्नु’ म्हणजे पोळणे, ‘दुख्नु’ म्हणजे दुखणे, यामुळे भाषा कळते असा भ्रम होतो. पण आपल्या मुंग्या येण्यास ते ‘झमझमाउनु’ म्हणतात, आणि मुंग्या म्हटल्यावर गोंधळून पायाकडे पाहतात. आयत्या वेळी तोंडी केलेले भाषांतर हे प्रमाणित प्रश्नावलीचे भाषांतर नव्हे, मग मूळ कागद कितीही पारखलेला असो.

नेपाळमध्ये या विषयावर जे काम झाले आहे ते आपणही पाहण्यासारखे आहे. धुलिखेल येथील भौतिकोपचारतज्ज्ञ सौरभ शर्मा व सहकाऱ्यांनी वेदनेच्या अनेक प्रश्नावल्या नेपाळीत आणून पारखल्या. वेदनेच्या चार पट्ट्या नेपाळी प्रौढांपुढे ठेवून पाहिल्या असता अंकांच्या व रेघेच्या पट्टीपेक्षा चेहऱ्यांच्या चित्रांची पट्टी त्यांनी अधिक पसंत केली, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी रुग्णनिष्ठ कार्यपट्टीचे नेपाळी रूपही प्रसिद्ध झाले. ही पट्टी मूळ कॅनडातील स्ट्रॅटफर्ड व सहकाऱ्यांची, १९९५ ची. तीत छापील कृतीच नसतात. व्याधीमुळे अडलेल्या तीन ते पाच कृती रुग्णानेच सांगायच्या आणि प्रत्येकीस ० ते १० गुण द्यायचे. शून्य म्हणजे मुळीच जमत नाही, दहा म्हणजे पूर्वीसारखे जमते.

आमच्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडले. आजींना विचारले, त्यांनी तीन कृती सांगितल्या : जोत्याची पायरी उतरणे, चुलीपुढे बसून उठणे, पंगतीत मांडी घालणे. समजा, पहिल्या दिवशी गुण २, ३ व १ आले, म्हणजे सरासरी २. आणि नंतर ५, ४ व ३, म्हणजे सरासरी ४. मूळ अभ्यासानुसार सरासरीत किमान २ गुणांचा फरक पडल्यास तो मोजण्यातील चूक नसून खरा बदल मानता येतो. एकट्या कृतीसाठी ३ गुण लागतात. म्हणजे वरील उदाहरण जेमतेम उंबरठ्यावर आहे, आणि मांडी घालण्यातील सुधारणा एकटी धरली तर उंबरठ्याच्या अलीकडेच. वेदनेच्या शून्य ते दहा पट्टीवर फरार व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २ गुण किंवा सुमारे ३० टक्के घट रुग्णाला अर्थपूर्ण वाटते असे दाखविले आहे. सात वरून सहा झाले म्हणून उपशय लिहू नये.

या पट्टीच्याही मर्यादा आहेत. प्रत्येक रुग्णाच्या कृती निराळ्या, म्हणून दोन रुग्णांची तुलना तिने होत नाही. निबंध लिहावयाचा तर परवानगी घेऊन सर्वांस समान अशी पारखलेली प्रश्नावली जोडीला हवीच. लावणीसारखी कृती रुग्णाने सांगितली तर आश्विनात तिला गुण देता येत नाहीत. म्हणून वर्षभर घडणारी किमान एक कृती आम्ही सुचवितो. आणि शून्य-दहाची उकल करताना शाळेच्या गुणांची समजूत येथे प्रथमच उपयोगी पडते, कारण या पट्टीवर अधिक म्हणजे खरोखरच अधिक चांगले.

आजींच्या बाबतीत गोळ्या बंद करून, एरंडतैल व अभ्यंग ठेवून, पुढील श्रावणात पुन्हा गुण घेतले. पायरी व चूल यांत फरक होता. पंगतीचा गुण होता तेथेच राहिला. त्या आता खुर्चीवर जेवतात व त्याबद्दल तक्रार करीत नाहीत.

वेदनावाचक शब्दांची आमची वही महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांपुरती आहे. माणगाव, म्हसळे, श्रीवर्धन, मंडणगड व खेड येथील व्यवसायबंधूंनी व औषधालयमालकांनी आपल्याकडील रुग्णांचे शब्द, ते कोणत्या दुखण्यास वापरले जातात या माहितीसह, संपादकांकडे पाठवावेत. विशेषतः ‘रग’ आणि ‘आंबणे’ यांतील भेद आपल्याकडील वृद्ध कसा सांगतात, हे कळल्यास आमची एक अडचण दूर होईल.